जुनी लेन्स, परकी बॉडी: अडॅप्टर घेण्याआधीची वजाबाकी आणि बसवल्यानंतरची तपासणी

एका माउंटची (लेन्स आणि कॅमेरा जोडणाऱ्या कडीच्या पद्धतीची) लेन्स दुसऱ्या माउंटच्या बॉडीवर बसेल का, हा प्रश्न बहुतेक जण कडीचा आकार डोळ्यासमोर ठेवून विचारतात. खरा प्रश्न अंतराचा आहे. प्रत्येक माउंटमध्ये लेन्सची कडी जिथे टेकते तिथपासून सेन्सरपर्यंतचं अंतर ठरलेलं असतं. त्याला फ्लँज अंतर म्हणतात. लेन्सचं फ्लँज अंतर बॉडीच्या फ्लँज अंतरापेक्षा जास्त असेल, तर उरलेली जागा भरायला धातूची पोकळ नळी पुरते. हाच अडॅप्टर. तेच अंतर कमी असेल, तर लेन्स बॉडीच्या आत ढकलावी लागेल, आणि ते शक्य नसतं.

म्हणून आधी वजाबाकी करा. नेहमी लागणारे आकडे असे (सगळे मिलिमीटरमध्ये):

जुन्या एसएलआर (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांच्या) लेन्स: लायका आर ४७.०, निकॉन एफ ४६.५, ऑलिंपस ओएम ४६.०, काँटॅक्स/याशिका ४५.५, एम ४२ आणि पेंटॅक्स के ४५.४६, मिनोल्टा एमडी ४३.५, कॅनन एफडी ४२.०. कॅनन ईएफ ४४.०.
रेंजफाइंडर (आरसा नसलेल्या, वेगळ्या खिडकीतून फोकस लावायच्या कॅमेऱ्यांच्या) लेन्स: लायकाचा ३९ मिमी स्क्रू माउंट २८.८, लायका एम २७.८.
मिररलेस (आरसा नसलेल्या डिजिटल) बॉडी: कॅनन आरएफ आणि एल माउंट २०.०, मायक्रो फोर थर्ड्स १९.२५, सोनी ई १८.०, फुजी एक्स १७.७, निकॉन झेड १६.०.

एम ४२ लेन्स सोनी ई बॉडीवर हवी असेल, तर ४५.४६ वजा १८ म्हणजे २७.४६ मिमी लांबीचा अडॅप्टर लागेल. एफडी ते आरएफ २२ मिमी, निकॉन एफ ते झेड ३०.५ मिमी, लायका एम ते सोनी ई फक्त ९.८ मिमी. निकॉन झेडचा आकडा यादीत सगळ्यात लहान असल्यामुळे सोनी ई लेन्ससुद्धा २ मिमीच्या पातळ अडॅप्टरने त्यावर बसतात. उलट दिशेला, म्हणजे झेड लेन्स सोनी बॉडीवर, काहीच करता येत नाही.

डीएसएलआर (डिजिटल एसएलआर) बॉडीवर मात्र वजाबाकीचं उत्तर फार बारीक येतं. कॅनन ईएफवर ओएम लेन्ससाठी २ मिमी, निकॉन एफ लेन्ससाठी २.५ मिमी, एम ४२ साठी १.४६ मिमी. या तिन्ही साध्या कड्या आहेत आणि चालतात. निकॉन एफ बॉडीवर एम ४२ लेन्स बसवायला गेलात तर उत्तर उणे १.०४ येतं, आणि गोष्ट तिथेच संपते. तरीही असे अडॅप्टर विकले जातात. त्यात एकतर साधी कडी असते, म्हणजे दूरचं काहीही फोकस होणार नाही, किंवा मधे एक सुधारक काच असते. ती काच लेन्सची धार कमी करते आणि उघड्या अ‍ॅपर्चरला (प्रकाशाचं छिद्र पूर्ण उघडं असताना) चित्र धूसर करते. चांगल्या जुन्या लेन्समागे स्वस्त भिंग लावण्यात अर्थ नाही. अशा जोडीपेक्षा मिररलेस बॉडी शोधा.

इन्फिनिटी का हुकते, किती हुकते

अडॅप्टर थोडासा लांब निघाला तर लेन्स अनंतावर फोकस होत नाही. 'थोडासा' म्हणजे किती, याचं गणित सोपं आहे: फोकल लेंथचा वर्ग भागिले जादा लांबी. ५० मिमी लेन्ससाठी अडॅप्टर ०.१ मिमी जास्त लांब असेल, तर २५०० भागिले ०.१, म्हणजे २५,००० मिमी. फोकस २५ मीटरला अडकेल. १३५ मिमी लेन्सला तीच चूक १८२ मीटरवर नेऊन ठेवेल, आणि तिथे ती फारशी जाणवणार नाही. २४ मिमी लेन्सला मात्र ५.७६ मीटरच्या पुढे नेमका फोकस मिळणार नाही. वाइड लेन्सला दूरचं दृश्य कायम मऊ येत असेल, तर लेन्सला दोष देण्याआधी अडॅप्टर मोजा. वर सांगितलेली एम ४२ आणि निकॉन एफ बॉडीची काच नसलेली कडी याच हिशोबाने ५० मिमी लेन्सला साधारण २.४ मीटरवर थांबवते.

या भीतीपोटीच बहुतेक उत्पादक अडॅप्टर मुद्दाम एखाद-दोन दशांश मिमी आखूड बनवतात. मग लेन्स इन्फिनिटीच्या खुणेआधीच अनंतावर पोहोचते आणि खुणेवर नेल्यावर फोकस पलीकडे जातो. लांब अडॅप्टरपेक्षा हे बरं, पण त्याचे दोन तोटे आहेत. अंतराची पट्टी खोटी होते, त्यामुळे न बघता पट्टीवर फोकस लावायची सवय सोडावी लागते. आणि ज्या वाइड लेन्समध्ये जवळ-दूर फोकस करताना आतले भिंगगट एकमेकांपासून सरकतात, त्यांच्या कडा चुकीच्या अंतरामुळे मऊ पडतात.

तपासणी अशी करा. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा. एखादा किलोमीटरभर दूरचा टॉवर किंवा इमारतीची कड बघा. रात्री तारे किंवा चंद्र चालेल. स्थिरीकरण बंद करा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, पडद्यावर जास्तीत जास्त मोठं करून फोकस लावा. मग कडी कुठे थांबली ते पाहा. खुणेच्या किंचित अलीकडे थांबली तर ठीक. कडी शेवटाला टेकूनही धार अजून सुधारतेय असं वाटत असेल, तर अडॅप्टर लांब आहे. दुपारच्या उन्हात ही चाचणी करू नका. तापलेल्या हवेच्या लहरींमुळे दूरचं काहीच नीट दिसत नाही आणि लेन्स उगाच बदनाम होते.

आखूड अडॅप्टर दुरुस्त करता येतो. माउंटच्या कडीचे चार-सहा स्क्रू काढून खाली पातळ पितळी पत्र्याची चकती घालायची. ०.०५ मिमी जाडीचा पत्रा मिळतो. चकती पूर्ण वर्तुळाची हवी. तीन ठिकाणी तुकडे टाकलेत तर कडी वाकडी बसते आणि नवीन दुखणं सुरू होतं. अशा स्क्रूंना साधा प्लस पेचकस नीट बसत नाही. जपानी मापाचा, म्हणजे जेआयएसचा पेचकस घ्या, नाहीतर स्क्रूची डोकी गुळगुळीत होतील. अडॅप्टर लांब असेल तर पत्र्याने काही होत नाही. त्यावर दुसरा अडॅप्टर घ्या किंवा लेन्सची इन्फिनिटीची मर्यादा सरकवा. बऱ्याच जुन्या लेन्समध्ये फोकस कडीच्या रबराखाली तीन बारीक स्क्रू असतात. ते सैल करून कडी पुढे-मागे बसवता येते. पण एका लेन्सची मर्यादा सरकवली की ती त्याच अडॅप्टरसाठी बांधली जाते, हे लक्षात ठेवा.

वाकडा अडॅप्टर

लांबीपेक्षा वाकडेपणा जास्त छळतो, कारण तो पटकन ओळखू येत नाही. व्हर्निअर कॅलिपरने अडॅप्टरची लांबी चार जागी मोजा: वर, खाली, डावी, उजवी. ०.०२ मिमीपर्यंतचा फरक कॅलिपरच्या मर्यादेतच असतो, तो सोडून द्या. ०.०५ मिमी फरक निघाला तर फुल फ्रेम (३६ × २४ मिमी) सेन्सरच्या डाव्या आणि उजव्या टोकांत साधारण ०.०३५ मिमीचा फरक पडतो. एफ/८ ला, म्हणजे बारीक छिद्राला, तो दिसत नाही. एफ/२ ला एक बाजू टोकदार आणि दुसरी मऊ अशी येते, आणि लोक लेन्सच आतून वाकडी आहे असं समजून ती खोलतात.

दोष लेन्सचा की अडॅप्टरचा, हे समजायला सपाट विटांच्या भिंतीसमोर कॅमेरा भिंतीला अगदी समांतर ठेवून फोटो काढा. मग त्याच अडॅप्टरवर दुसरी लेन्स लावा. दोन्ही फोटोंत तीच बाजू मऊ असेल तर अडॅप्टर दोषी. एम ४२ सारखी आट्यांची लेन्स असेल तर आणखी सोपं: अडॅप्टरची आतली कडी फिरवून लेन्स ९० अंशांनी वळवून बसवा. मऊ बाजू लेन्सबरोबर वळली तर दोष लेन्समध्ये.

डुगडुगणारा अडॅप्टर हा वेगळा प्रकार. लेन्स हाताने हलवून बघा. किंचित खेळ जवळपास सगळ्याच अडॅप्टरमध्ये असतो. फोकस कडी फिरवताना चित्र बाजूला उडी मारत असेल तर मात्र अडॅप्टरच्या पाठीमागचे स्क्रू आवळा. नव्या डब्यातून निघालेल्या अडॅप्टरचेही स्क्रू कधीकधी ढिले असतात.

अ‍ॅपर्चर: अर्धी भांडणं इथलीच

लेन्स बसली, फोकसही झाला, पण प्रकाशाचं छिद्र लहान-मोठं करणारी पाती बंदच होत नाहीत किंवा उघडतच नाहीत. प्रत्येक माउंटचा स्वभाव वेगळा आहे.

एम ४२. लेन्सच्या मागे एक बारीक पिन असते. ती दाबली की पाती कडीवर लावलेल्या आकड्यापर्यंत मिटतात. बऱ्याच लेन्सवर ऑटो/मॅन्युअल असा खटका असतो. तो मॅन्युअलवर ठेवला की पिनेची गरज उरत नाही आणि कुठलाही अडॅप्टर चालतो. खटका नसलेल्या लेन्सला पिन दाबणारी आतली कड असलेला अडॅप्टरच लागतो. उलटा त्रासही होतो: ती कड काही लेन्सची पिन जरुरीपेक्षा जास्त दाबते, मग फोकस कडी जड चालते किंवा लेन्स शेवटचा पाव फेरा घेत नाही. जबरदस्ती करू नका. त्या लेन्सला बिनकडेचा अडॅप्टर घ्या.

आणखी एक फसगत. एम ४२ चे आटे ४२ मिमी व्यासाचे आणि १ मिमी अंतराचे असतात. दुर्बिणींसाठी वापरला जाणारा टी२ माउंटही ४२ मिमीचाच असतो, पण त्याच्या आट्यांचं अंतर ०.७५ मिमी आणि फ्लँज अंतर ५५ मिमी. एक फेरा छान बसतो, मग अडकतो. तिथे जोर लावलात तर आटे गेले. तसंच ३९ मिमी स्क्रूचं: लायका रेंजफाइंडरच्या लेन्सचं अंतर २८.८, तर जुन्या झेनिट एसएलआर लेन्सचं ४५.२ मिमी. दिसायला दोन्ही सारख्या. झेनिटची लेन्स रेंजफाइंडरच्या अडॅप्टरवर लावली तर ती कशावरच फोकस करणार नाही. एन्लार्जरच्या (निगेटिव्हवरून मोठा फोटो छापायच्या यंत्राच्या) लेन्सही अनेकदा ३९ मिमीच्याच असतात. त्यांना स्वतःची फोकस कडी नसते, त्यामुळे अडॅप्टरसोबत फोकसिंग हेलिकॉइड (फिरवून लांबी बदलता येणारी नळी) लागतो.

एम ४२ लेन्स पूर्ण आवळल्यावर अंतराची खूण वर न येता बाजूला येते, अशीही तक्रार असते. अडॅप्टरच्या कडेला तीन बारीक स्क्रू शोधा. ते सैल करा, लेन्स लावूनच आतली कडी फिरवून खूण वर आणा, आणि तिन्ही स्क्रू थोडे थोडे आळीपाळीने आवळा.

कॅनन एफडी. लेन्स हातात असताना अ‍ॅपर्चर कडी फिरवली तरी पाती हलत नाहीत. ती बिघडलेली नसते. तिला माउंटकडून खटका मिळाल्याशिवाय ती चालत नाही. अडॅप्टरवर 'ओपन' आणि 'लॉक' अशी एक कडी असते. ओपनवर ठेवून लेन्स लावा, मग लॉकवर फिरवा. आता पाती ऐकतील. लेन्सची कडी 'ए' वर असेल तर आधी ती आकड्यांवर आणा. फोटो सगळे उघड्या अ‍ॅपर्चरचे येत असतील तर नव्वद टक्के वेळा ही कडी ओपनवरच राहिलेली असते.

निकॉन एफ. बॉडीवर नसताना या लेन्सची पाती मिटलेली असतात, आणि बॉडीतला दांडा त्यांना उघडून धरतो. अ‍ॅपर्चर कडी असलेल्या लेन्सला साधा अडॅप्टर पुरतो. जी मालिकेच्या लेन्सवर कडीच नसते, त्यांना दांडा हलवणारी कडी असलेला अडॅप्टर हवा. तिच्यावर आकडे नसतात, प्रकाशमापनावरून अंदाज बांधावा लागतो. ई प्रकारच्या लेन्समध्ये पाती विजेवर चालतात, तिथे साधी नळी निरुपयोगी. निकॉनच्या स्वतःच्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये फोकसची मोटर नाही. त्यामुळे एएफ-एस लेन्स आपोआप फोकस करतात, पण बॉडीतल्या मोटरवर चालणाऱ्या एएफ-डी लेन्स हातानेच फिरवाव्या लागतात. १९७७ च्या आधीच्या, एआय (लावलेला आकडा बॉडीला आपोआप कळवायची सोय) नसलेल्या लेन्स निकॉनच्या डीएसएलआरवर लावण्याआधी बॉडीवर अ‍ॅपर्चर कडीचा खटका आहे का ते बघा. खटका असलेल्या बॉडीवर तो तुटू शकतो.

कॅनन ईएफ. अ‍ॅपर्चर पूर्णपणे विजेचं. साध्या नळीवर लेन्स कायम उघडी राहते. एक जुनी युक्ती आहे: कॅननच्या बॉडीवर हवं ते अ‍ॅपर्चर लावा, डेप्थ ऑफ फील्डचं बटण दाबून धरा, आणि तसंच दाबलेलं असताना लेन्स काढा. पाती तिथेच थांबतात. एसटीएम लेन्सचा फोकसही विजेवर चालतो, त्यामुळे साध्या नळीवर तोही जातो. इलेक्ट्रॉनिक अडॅप्टर घेणार असाल तर फर्मवेअर अद्ययावत करता येणारा घ्या. आरएफ बॉडीवर ईएफ लेन्ससाठी कॅननचा स्वतःचा अडॅप्टर असेल, तर यातली एकही भानगड उरत नाही.

बसवण्याचा क्रम

अडॅप्टर आधी लेन्सवर, मग दोन्ही मिळून बॉडीवर. याला कारण आहे. निकॉनची लेन्स बसवताना समोरून पाहिल्यास घड्याळाच्या उलट दिशेने फिरते, कॅनन आणि सोनीची सरळ दिशेने. सोनी बॉडीवर आधीच लावलेल्या अडॅप्टरवर निकॉन लेन्स फिरवली तर तोच जोर अडॅप्टर काढण्याच्या दिशेने लागतो आणि बॉडीच्या छोट्या लॉक पिनेवर सगळा भार येतो. काढतानाही जोडी एकत्र काढा आणि हातात घेऊन सुटी करा. लेन्स अडॅप्टरवर अडकून बसली असेल तर लॉकचं बटण पूर्ण आत गेलंय का ते आधी बघा. बहुतेक वेळा पिन अर्धीच मागे सरकलेली असते.

लेन्स जड असेल तर ट्रायपॉड लेन्सला किंवा अडॅप्टरच्या पायाला जोडा, बॉडीला नाही. लांब नळीच्या टोकाला लटकणारी जड टेलिफोटो बॉडीचा माउंट ओढते.

मागचा भाग किती बाहेर येतो, हे बसवण्याआधी मोजा. बहुतेक साध्या लेन्समध्ये इन्फिनिटीला मागचं भिंग सर्वात मागे असतं. फुल फ्रेम डीएसएलआरवर काही जुन्या लेन्सचा मागचा भाग मिररला लागतो. लेन्स सर्वात जवळच्या अंतरावर ठेवून एक फोटो काढा, मग टप्प्याटप्प्याने इन्फिनिटीकडे न्या. मिरर अडखळला, एरर आली किंवा आवाज बदलला की तिथेच थांबा. रेंजफाइंडरच्या काही वाइड लेन्स तर माउंटच्या खूपच आत घुसतात, त्यामुळे मिररलेसवरही मोजमाप चुकवू नका.

बॉडीतली मांडणी

लेन्सशी विजेचा संपर्क नसल्यामुळे बॉडीला लेन्स लागलेली आहे हेच कळत नाही. सोनी, कॅनन, फुजी या बॉडींच्या मेनूमध्ये 'लेन्सशिवाय शटर' अशा अर्थाची सोय शोधून ती चालू करा. नाहीतर बटण दाबूनही काहीच होत नाही.

एक्सपोजर मोड ए किंवा एम. बॉडीवर अ‍ॅपर्चर शून्य किंवा डॅश दिसेल, ते साहजिक आहे.

बॉडीत स्थिरीकरण असेल तर फोकल लेंथ हाताने भरा. इथे हमखास चूक होते: क्रॉप सेन्सरचं (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचं) गुणोत्तर लावून आकडा वाढवू नका. ५० मिमी लेन्सला ५० च भरा. चुकीचा मोठा आकडा भरला तर सेन्सर जास्त हलतो आणि फोटो उलट जास्त हललेला, धूसर येतो. फक्त फोकल रिड्यूसर (लेन्सचं चित्र आकसून लहान सेन्सरवर पाडणारा, भिंग असलेला अडॅप्टर) असेल तर खरी फोकल लेंथ बदलते. ०.७१ पटीच्या रिड्यूसरवर ५० मिमी एफ/१.४ लेन्स ३५.५ मिमी एफ/१.० सारखी वागते, म्हणून ३५ किंवा ३६ भरा. रिड्यूसर क्रॉप सेन्सरसाठीच बनलेला असतो. फुल फ्रेमवर लावला तर कोपरे काळे पडतात.

फोकस लावायची पद्धत: अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, चित्र मोठं करा, फोकस लावा, मग हव्या आकड्यावर मिटवा. काही वेगवान जुन्या लेन्समध्ये पाती मिटवताना फोकस थोडा सरकतो. एफ/२ ते एफ/४ मध्ये काम असेल तर मिटवून पुन्हा मोठं करून बघा. पीकिंगच्या (फोकसमधला भाग रंगवून दाखवणाऱ्या सोयीच्या) रंगीत कडांवर फार विसंबू नका. त्या फक्त कॉन्ट्रास्ट दाखवतात, आणि एफ/१.४ ला त्यांचा पट्टा खऱ्या तीक्ष्ण भागापेक्षा रुंद दिसतो.

मधोमध पांढुरका डाग

बंद अ‍ॅपर्चरला, एफ/८ च्या पुढे, फोटोच्या मध्यभागी धुक्यासारखा गोल डाग दिसला की बहुतेक जण लेन्समध्ये बुरशी शोधतात. कारण बऱ्याचदा अडॅप्टरचं आतलं चकाकतं धातू असतं. लेन्स काढून अडॅप्टर दिव्यासमोर तिरका धरा. आत चमक दिसली तर निदान झालं. उपाय म्हणून आत मॅट काळा रंग द्या किंवा मखमली काळा चिकट कागद लावा. कागद प्रकाशाच्या वाटेत येऊ नये, दांड्यांना आणि पिनेला लागू नये. कापलेल्या कडांचे तंतू सेन्सरवर पडतात, म्हणून बसवण्याआधी अडॅप्टर उलटा धरून झटका.

रेंजफाइंडरच्या वाइड लेन्सना मिररलेसवर कोपऱ्यांत जांभळट छटा आणि पसरट धार दिसते. तिथे अडॅप्टरचा दोष नाही. प्रकाश फार तिरपा पडतो आणि सेन्सरवरची काच जाड असते. म्हणूनच लायकाने डिजिटल एम बॉडींमध्ये ती काच पातळ ठेवली. छटा सॉफ्टवेअरमध्ये काढता येते, पसरलेली धार परत मिळत नाही. ३५ मिमीपेक्षा रुंद लेन्स हवी असेल तर जुन्या रेंजफाइंडरऐवजी जुन्या एसएलआरची घ्या. तिचं मागचं भिंग मिररला जागा देण्यासाठी आधीच दूर ठेवलेलं असतं, आणि तेच इथे उपयोगी पडतं.